बस काउंटीची, रुग्णालय दुसऱ्याचे : इंग्लंडमधील काउंटी परिषदांच्या अधिकारांची पार्श्वभूमी

2016 साली इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरमध्ये तीन महिन्यांच्या अंतराने दोन निर्णय अमलात आले. जुलैत तिथल्या काउंटी परिषदेने (आपल्या जिल्हा परिषदेसारखी निवडून आलेली स्थानिक संस्था) बससेवांचे अनुदान पूर्णपणे थांबवले. शंभराहून अधिक मार्ग या अनुदानावर अवलंबून होते. ऑक्टोबरमध्ये बॅनबरी येथील हॉर्टन रुग्णालयाच्या प्रसूती विभागात पुरेसे डॉक्टर मिळत नसल्याने तो केवळ सुईणींच्या भरवशावर चालू ठेवण्यात आला आणि गुंतागुंतीच्या प्रसूतीसाठी सुमारे 35 किलोमीटरवरील ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात जाणे भाग पडू लागले. त्रास एकाच भागातल्या लोकांना होणार होता, पण निर्णय घेणाऱ्या संस्था, त्यांचे कायदे आणि त्यांची अंदाजपत्रके वेगवेगळी होती.

ही फारकत मुळापासून नव्हती. काउंटी परिषदा 1888 च्या कायद्याने स्थापन झाल्या. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा रुग्णालये केंद्राकडे गेली असली, तरी लसीकरण, घरोघर जाणाऱ्या आरोग्य परिचारिका, माता-बाल संगोपन आणि रुग्णवाहिका ही कामे काउंट्या व मोठ्या शहरांच्या परिषदांकडेच राहिली. म्हणजे रुग्णाला रुग्णालयात पोहोचवणारे वाहन तेव्हा काउंटीचेच होते. 1 एप्रिल 1974 रोजी स्थानिक स्वराज्य संस्था आणि आरोग्य सेवा या दोन्हींची पुनर्रचना एकाच दिवशी लागू झाली. आरोग्याची ही कामे, रुग्णवाहिकांसकट, नव्या आरोग्य प्राधिकरणांकडे गेली आणि त्याच दिवसापासून सार्वजनिक प्रवासी वाहतुकीचा मेळ घालण्याची जबाबदारी काउंट्यांवर आली. एका हाताने आरोग्य काढून घेऊन दुसऱ्या हाताने वाहतूक दिली गेली, हा योगायोग पुढच्या कटकटींच्या संदर्भात विसरण्यासारखा नाही.

वाहतुकीची ही जबाबदारीही फार काळ भक्कम राहिली नाही. 1930 च्या कायद्यापासून बसमार्गांना परवाने लागत आणि स्पर्धेपासून संरक्षण मिळाल्यामुळे कंपन्या गर्दीच्या मार्गांच्या नफ्यातून खेड्यांतल्या तोट्याच्या फेऱ्या चालवत. खासगी मोटारी वाढल्या तसे हे गणित बिघडत गेले. परिवहनमंत्री निकोलस रिडली यांच्या काळात झालेल्या 1985 च्या परिवहन कायद्याने ही व्यवस्थाच मोडीत काढली. 26 ऑक्टोबर 1986 पासून, लंडन वगळता, कोणत्याही पात्र कंपनीने नोंदणी करावी, हवा तो मार्ग चालवावा आणि परवडेनासा झाला की सोडावा, अशी मोकळीक मिळाली. उरलेल्या, पण लोकांना आवश्यक असलेल्या फेऱ्यांसाठी परिषदेने निविदा काढून अनुदान द्यायचे होते. मात्र किती फेऱ्या द्यायच्या हे कायद्याने ठरवून दिले नाही. परिषदेला योग्य वाटेल तेवढ्या, एवढीच अट होती. पैसा असेपर्यंत या शब्दरचनेने कोणाचे बिघडले नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत प्रवासाची गोष्ट याच्या उलट आहे. एप्रिल 2008 पासून त्यांचा पास इंग्लंडभर चालू लागला आणि 2011 पासून त्याचा खर्च काउंट्यांकडे आला. पासधारकाच्या प्रवासाची भरपाई कंपनीला देणे बंधनकारक, पण बस चालू ठेवणे मात्र ऐच्छिक. परिणामी खिशात पास आहे आणि थांब्यावर बसच येत नाही, अशी स्थिती कायद्याच्या चौकटीतच निर्माण होऊ शकते. शिवाय हा पास सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच चालेल, एवढीच राष्ट्रीय हमी आहे. सकाळी नऊची वेळ मिळालेल्या रुग्णाला, परिषदेने स्वतःहून सवलत वाढवली नसेल तर, तिकीट काढावे लागते.

आरोग्याचा काही भाग 1 एप्रिल 2013 रोजी काउंट्यांकडे परत आला. 2012 च्या कायद्याने सार्वजनिक आरोग्याचे काम, त्यासाठी संचालकाचे पद आणि स्वतंत्र राखीव अनुदान दिले. लैंगिक आरोग्य सेवा, मध्यमवयीनांची आरोग्य तपासणी, शाळकरी मुलांची उंची-वजन मोजणी ही कामे सक्तीची ठरली. 2015 मध्ये सरकारने चालू वर्षातच या अनुदानातून 20 कोटी पौंड कापले, तरीही त्याचे लेखाशीर्ष वेगळे राहिले. वृद्ध व अपंगांच्या देखभालीचा खर्च तर टाळताच येत नाही आणि काउंटीच्या अंदाजपत्रकातला फार मोठा वाटा तोच खातो. अशा वेळी कात्री कुठे लागणार हे उघड होते. कंब्रिया या काउंटीने 2014 मध्येच बसचे अनुदान बंद केले होते. ऑक्सफर्डशायरमध्ये तर खुद्द पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी, तिथल्याच विटनी मतदारसंघाचे खासदार या नात्याने, वृद्धांची दिवसा देखभाल करणारी केंद्रे, ग्रंथालये यांवरील कपातीबद्दल नाराजीचे पत्र परिषदेचे नेते इयान हडस्पेथ यांना लिहिले. दोघे एकाच पक्षाचे होते. परिषदेचा निधी केंद्र सरकारनेच घटवला, याची आठवण हडस्पेथ यांनी उत्तरात सविस्तर करून दिली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये हा पत्रव्यवहार वृत्तपत्रात आला. अनुदान गेल्यावर काही मार्ग कंपन्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवले आणि विटनीत रहिवाशांनीच संस्था काढून बस चालवायला घेतली. काउंट्यांनी बेफिकिरीने बस तोडल्या, हा आरोप मला अर्धवट वाटतो. सक्तीचा खर्च आणि ऐच्छिक खर्च यांची विभागणी संसदेने आधीच करून ठेवली होती.

हॉर्टनच्या बाबतीत काउंटीकडे निर्णयाचा अधिकार नव्हता, पण अटकावाचा एक मार्ग होता. परिषदेतील आरोग्यविषयक छाननी समिती स्थानिक सेवांतील मोठ्या बदलाविरुद्ध थेट आरोग्यमंत्र्यांकडे दाद मागू शकत असे. हॉर्टनमधील सेवा कमी करण्याचा याआधीचा प्रस्ताव याच वाटेने गेला आणि स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाच्या सल्ल्यावरून 2008 मध्ये फेटाळला गेला. 2017 मध्ये प्रसूती विभागाचा तात्पुरता बदल कायम करण्याचे ठरल्यावर समितीने पुन्हा तक्रार नेली. मंडळाने अधिक अभ्यास करायला लावला, तरी 2019 मध्ये तोच निर्णय कायम राहिला. 31 जानेवारी 2024 पासून समित्यांचा हा खास अधिकार काढून घेण्यात आला असून, मंत्र्यांनी लक्ष घालावे अशी विनंती आता इतर कोणाहीप्रमाणे त्यांना करता येते. बसच्या बाजूने 2021 च्या राष्ट्रीय धोरणानंतर काउंट्यांना सुधारणा आराखड्यांच्या आधारे केंद्राचा निधी मिळू लागला, पण तो मुदतीचा असतो, आणि तो संपल्यावर फेरी चालवायची की नाही हे पुन्हा परिषदेला योग्य वाटेल तसेच ठरते.