वृक्षारोही खेकडे (कांदळवनांतील)

कांदळवनांत झाडांची खोडे, फांद्या व पर्णसंभार यांवर नियमितपणे वावरणारे खेकडे. यांतील बहुतेक जाती सेसार्मिडी कुलातील असून जुन्या ग्रंथांत या गटाचा समावेश ग्रॅप्सिडी कुलात केलेला आढळतो. भरतीचे पाणी चढू लागले की भक्षक माशांपासून बचावासाठी खोडावर सरकणाऱ्या जाती पुष्कळ आहेत (उदा., एपिसेसार्मा प्रजातीतील); मात्र झाडावरच्या हिरव्या पानांवर उपजीविका करणाऱ्या जाती थोड्या असून ही संज्ञा त्यांच्यापुरती राखणे अधिक योग्य होय. फ्लोरिडापासून ब्राझीलपर्यंत आढळणारी ॲरेटस पिसोनाय (वर्णन 1837) आणि पूर्व आफ्रिकेतील, सेसार्मा लेप्टोसोमा या नावाने 1869 मध्ये वर्णिलेली व पुढे प्रजातीनाम बदललेली जाती, या त्यांतील सर्वाधिक अभ्यासलेल्या जाती आहेत.

पायांची आखूड, अणकुचीदार टोके दोन्ही जातींत दिसत असल्याने त्यांचे मूळ एकच असावे असे वरवर वाटते. तथापि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मायटोकॉन्ड्रियातील डीएनएच्या तुलनेवर आधारलेल्या अभ्यासानुसार ॲरेटस ही इतर अमेरिकी सेसार्मिडांच्या जवळची ठरते व वृक्षारोहण एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे विकसित झाले असावे. हे अभिसारी उत्क्रांतीचे मत अधिक ग्राह्य दिसते. केरळमधील झाडांच्या ढोलीत राहणारा, 2017 मध्ये वर्णिलेला कानी मरंजंडू हा गोड्या पाण्यातील खेकडा तर अगदी वेगळ्या कुलातील आहे. पाण्याबाहेर राहण्याची पूर्वतयारी मात्र सेसार्मिडी कुलात सर्वत्र दिसते : कल्ल्यांतून निघालेले पाणी कवचाच्या जाळीदार, सूक्ष्म केसाळ बाजूंवरून पसरते, तेथे हवेतील ऑक्सिजन शोषून घेते आणि पुन्हा कल्ल्यांकडे परतते.

केन्याच्या किनाऱ्यावर आफ्रिकी जाती कांदळाच्या (ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा, कोकणातही आढळणारा वृक्ष) मुळांशी राहते आणि दिवसातून दोनदा शेंड्याकडे चढते. विशेष म्हणजे शेकडो फांद्यांच्या गुंत्यातून वाट काढत प्रत्येक खेकडा बहुधा आपल्या ठरावीक फांदीवरच पोहोचतो.

ॲरेटस पानाचा वरचा थर खरवडून खातो. पानावर उरणाऱ्या तपकिरी ओरखड्यांवरून त्याचा वावर ओळखू येतो. तो शैवाल व लहान प्राणीही खातो, आणि धोका जाणवताच फांदीवरून थेट पाण्यात उडी घेतो. अंडी पक्व झाल्यावर मादी पाण्याच्या कडेशी उतरून डिंभ (अंड्यांतून निघणारी पिलांची प्राथमिक अवस्था) सोडते. अलीकडे ही जाती कांदळवनांची उत्तर सीमा ओलांडून अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील खाऱ्या गवताळ दलदलींतही आढळू लागली आहे.