औषधलाभ व्यवस्थापकांसंबंधीच्या सुधारणा (अमेरिका)

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचा खर्च कमी व्हावा, यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत औषधलाभ व्यवस्थापक या मध्यस्थ कंपन्यांच्या व्यवहारांवर घातलेल्या किंवा घालू पाहिलेल्या कायदेशीर व प्रशासकीय बंधनांना एकत्रितपणे हे नाव दिले जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या कंपन्यांना ‘पीबीएम’ म्हणतात. विमायोजनेत कोणती औषधे मान्य आहेत याची सूची ठरवणे, त्या सूचीतील स्थानाच्या बदल्यात निर्मात्याकडून सवलत मिळवणे, औषधविक्रेत्याला किती पैसे द्यायचे हे ठरवणे आणि प्रत्येक खरेदीचा विमादावा दुकानातच काही क्षणांत निकाली काढणे, ही त्यांची मुख्य कामे होत. भारतात औषधाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. अमेरिकेत अशी छापील किंमत नसते. एकाच गोळीला निर्मात्याने जाहीर केलेली किंमत, विमाकंपनी मोजते ती किंमत, विक्रेत्याच्या हाती पडणारी रक्कम आणि रुग्णाचा हिस्सा असे वेगवेगळे आकडे असतात आणि त्यांतील बहुतेक आकडे करारांमागे झाकलेले राहतात.

1960च्या दशकाच्या अखेरीस हा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा विमादाव्यांची कागदपत्रे हाताळणे एवढेच त्याचे स्वरूप होते. 1990च्या दशकात औषधनिर्मात्यांनीच हे मध्यस्थ विकत घेतले : मर्कने 1993 मध्ये मेडको आणि एलाय लिलीने 1994 मध्ये पीसीएस. आपलीच औषधे सूचीत पुढे सरकवण्याचा मोह उघड असल्याने ही मालकी टीकेचा विषय झाली आणि पुढे सुटली. 2012 मध्ये एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सने सुमारे 2,900 कोटी डॉलरना मेडको घेतली. आज सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तीन कंपन्यांकडे देशातील सुमारे 80 टक्के चिठ्ठ्यांचा कारभार आहे. तिघींच्या समूहांत मोठी विमाकंपनी आहे (अनुक्रमे एटना, सिग्ना आणि युनायटेडहेल्थकेअर) आणि औषधविक्रीही आहे. दुकानदाराला किती पैसे द्यायचे हे ठरवणाराच शेजारी आपले दुकान मांडून बसतो, ही छोट्या विक्रेत्यांची मुख्य तक्रार आहे.

वादाचे मूळ मात्र परताव्यात आहे. निर्माता जाहीर किंमत ठरवतो आणि विक्रीनंतर तिचा काही भाग पीबीएमला परत करतो. पीबीएम त्यातला मोठा वाटा विमायोजनेला देऊन उरलेला स्वतःकडे ठेवतो. परतावा आणि त्यासोबतची शुल्के जाहीर किमतीच्या टक्केवारीत मोजली जातात, त्यामुळे किंमत जितकी फुगलेली तितकी मध्यस्थाची मिळकत मोठी. स्वस्त औषध सूचीबाहेर राहून महाग औषध आत येण्याची शक्यता या गणितातूनच निर्माण होते. केंद्रीय व्यापार आयोगाने 2024च्या सप्टेंबरमध्ये तिन्ही कंपन्यांवर इन्सुलिनसंबंधी कारवाई सुरू केली, तेव्हा याच प्रकारावर बोट ठेवले : 1999 मध्ये 21 डॉलरला मिळणाऱ्या ह्युमॅलॉग या इन्सुलिनची जाहीर किंमत 2017 पर्यंत 274 डॉलरच्या पुढे गेली होती. ज्यांच्या विम्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते, किंवा ज्यांना विमाच नाही, त्यांना ही फुगवलेली किंमत मोजावी लागते. परताव्याचा लाभ मात्र कमी हप्त्याच्या रूपाने सर्व सभासदांत वाटला जातो. थोडक्यात, आजारी माणूस निरोग्यांचा हप्ता हलका करतो, आणि विमा म्हणजे याच्या अगदी उलट व्यवस्था असायला हवी.

मध्यस्थाच्या कमाईचा दुसरा मार्ग किंमतफरकाचा. योजनेकडून एक रक्कम घ्यायची, विक्रेत्याला त्याहून कमी द्यायची आणि मधली तफावत ठेवून घ्यायची. ओहायोच्या लेखापरीक्षकाने 2018 मध्ये राज्याच्या मेडिकेड या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेचे हिशेब तपासले, तेव्हा एका वर्षात अशी तफावत 22 कोटी 48 लाख डॉलर भरली आणि तिचा बहुतांश भाग साध्या जेनेरिक औषधांवरचा निघाला. त्यानंतर ओहायोने अनेक मध्यस्थांऐवजी राज्याला थेट उत्तरदायी असा एकच पीबीएम नेमण्याची वाट धरली. वेस्ट व्हर्जिनियाने तर 2017 मध्येच औषधांचा कारभार मेडिकेडसाठी खासगी विमाकंपन्या चालवतात त्या योजनांतून काढून सरकारकडे घेतला होता.

सुधारणांत राज्ये केंद्राच्या पुढे राहिली आहेत. विक्रेत्याला त्याच्या खरेदीखर्चाहून कमी पैसे देऊ नयेत, असा कायदा आर्कान्सासने 2015 मध्ये केला. नोकरीतून मिळणाऱ्या लाभांविषयीच्या 1974च्या केंद्रीय कायद्याच्या आड तो येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020च्या डिसेंबरमध्ये 8-0 मतांनी दिला. 2025 मध्ये त्याच राज्याने पीबीएमला औषधालयाची मालकी ठेवण्यासच बंदी केली, पण न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. केंद्राच्या पातळीवर 2018 मध्ये ‘तोंडबंदी’ची कलमे रद्द झाली : विम्याने घेण्यापेक्षा रोखीने औषध स्वस्त पडेल, हे ग्राहकाला सांगण्यास विक्रेत्याला त्यापूर्वी करारानेच मज्जाव असे. मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्रीय विमायोजनेतील परतावा थेट रुग्णाला दुकानातच मिळावा असा नियम 2020 मध्ये काढला गेला, परंतु तो अमलात येण्यापूर्वीच लांबणीवर पडला आणि 2022च्या कायद्याने 2032 पर्यंत थोपवला गेला. 2024च्या डिसेंबरमध्ये खर्चविधेयकाला जोडलेल्या पीबीएमविषयीच्या विस्तृत तरतुदी शेवटच्या घटकेला गळल्या; त्यांतील कल्पना पुढेही चर्चेत येत राहिल्या.

परताव्याचा नियम का अडला, हे समजून घेण्यासारखे आहे. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाने 2019 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तो अमलात आला असता, तर केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे 17,700 कोटी डॉलरनी वाढला असता, कारण परतावा गेल्यावर हप्ते वाढतात आणि मेडिकेअरच्या हप्त्यांचा मोठा भार सरकारच उचलते. पीबीएम कंपन्याही याच मुद्द्यावर बोट ठेवतात : जाहीर किंमत निर्माता ठरवतो, आम्ही ती खाली आणतो. यात तथ्य आहे. मात्र त्या किमतीवर टक्केवारी घेणाऱ्याने तिच्या वाढीशी आपला संबंध नाही म्हणणे पटणारे नाही.

म्हणून अलीकडच्या मसुद्यांचा रोख परतावा बंद करण्यापेक्षा मध्यस्थाची मिळकत किमतीपासून तोडण्याकडे अधिक आहे : पीबीएमने केलेल्या कामाचे ठरावीक शुल्क घ्यावे, मग औषध दहा डॉलरचे असो वा हजार. अशा कायद्यातही पळवाट राहू शकते. तिन्ही कंपन्यांनी निर्मात्यांशी वाटाघाटी करण्यासाठी स्वतंत्र उपकंपन्या काढल्या असून एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सची असेंट स्वित्झर्लंडमध्ये, तर ऑप्टमची एमिसार आयर्लंडमध्ये स्थापन झाली. अशा उपकंपनीकडे जमा होणाऱ्या रकमेला परतावा न म्हणता प्रशासकीय किंवा माहितीसेवेचे शुल्क म्हटले, तर केवळ परताव्याचे नाव घेणारा कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.