अल्बम छपाईला देण्याआधी: फोटोतला उजेड ‘कर्व्ह’ने सुधारा

लग्नाच्या फोटोंत एक अडचण हमखास दिसते. मंडपामागून ऊन येतं, त्यामुळे नवरीचा चेहरा काळवंडतो आणि अंतरपाट पांढराफटक पडतो. अशा वेळी बरेच जण ब्राइटनेसची पट्टी सरकवतात. साध्या ॲपमध्ये ही पट्टी सगळ्याच छटा सारख्या उचलते. चेहरा उजळतो खरा, पण अंतरपाटावरच्या स्वस्तिकाभोवतीची कापडाची वीण नाहीशी होते. छापल्यावर तिथे शाईच लागत नाही, कोरा कागद दिसतो.

म्हणून आम्हा अल्बम छापणाऱ्यांचा आग्रह कर्व्हचा, म्हणजे गडद-उजळ छटा वेगवेगळ्या बदलू देणाऱ्या रेघेचा. फोटोशॉप, गिम्प, फोनवरचं स्नॅपसीड, सगळ्यांत ही सोय आहे. उघडलं की चौकटीत तिरकी रेघ दिसते. खालचं डावं टोक काळं, वरचं उजवं पांढरं. आठ बिटच्या जेपेगमध्ये (फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये) दर रंगाला उजेडाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. आडव्या बाजूला मूळ उजेड, उभ्या बाजूला बदललेला.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल-एम दाबून कर्व्ह उघडा आणि कंट्रोल धरून नवरीच्या गालावर क्लिक करा. रेघेवर बिंदू बसेल. तो वरच्या बाणाने हळूहळू उचला. मग पांढऱ्या टोकाजवळ दुसरा बिंदू लावून तिथली रेघ मूळ जागी आणा. चेहरा खुलतो, अंतरपाट शाबूत राहतो. एवढं एक जमलं तरी अल्बमचं निम्मं काम झालं, असं आम्ही मानतो.

कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ-गडद छटांमधल्या फरकाचं, गणित रेघेच्या चढात आहे. चढ जास्त तिथे बारकावे उठून दिसतात, रेघ आडवी पडते तिथे दबतात. होमाच्या धुरातला फिका फोटो असेल, तर रेघेचा खालचा भाग किंचित खाली, वरचा किंचित वर घ्या. मात्र याने रंगही भडक होतात, हळद लागलेला चेहरा केशरी दिसू लागतो. तसं झालं तर फोटोशॉपमध्ये कर्व्ह वेगळ्या ॲडजस्टमेंट लेयरवर (फोटोवरच्या वेगळ्या थरावर) घेऊन त्याचा मोड ल्युमिनॉसिटी ठेवा, म्हणजे फक्त उजेड बदलेल, रंग नाही.

जेपेग फार ताणलं की आकाशात पट्टे उमटतात. कॅमेऱ्याची रॉ फाइल (जेपेग बनण्याआधीची कच्ची नोंद) असेल तर तीच आणा. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटोची फाइल दाबून लहान केली जाते. सुधारलेल्या फोटोसोबत मूळ फाइलही द्या.

कागदाला स्क्रीनसारखा स्वतःचा उजेड नसतो. म्हणून आम्ही आधी एक छोटी प्रिंट काढून देतो. ती दिवसाउजेडी पाहा, मगच अल्बमला होकार कळवा.