गोदाकाठची जमीन आणि दगडी स्पर

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघतात. खाली निफाड तालुक्यात दारणेचं पाणीही येऊन मिळतं. तिथे नदीच्या वळणावर ज्याची मळई (नदीकाठची गाळाची जमीन) आहे, त्याला घोर असतो तो जमिनीचा किती पट्टा तुटणार याचा.

काठ बहुतेक वेळा पूर ओसरताना ढासळतो. दोन-तीन दिवसांत काठाची माती पाण्यानं गच्च होते. मग विसर्ग कमी होतो आणि नदी झपाट्यानं उतरते, पण मातीतलं पाणी तेवढ्या लवकर निथळत नाही. नदीच्या पाण्याचा बाहेरून असलेला रेटा गेलेला, माती जड झालेली आणि पायथा पुरानं आधीच पोखरलेला. मग उभा काप पडून अख्खा तुकडा खाली बसतो. म्हणूनच वरून ट्रॉल्यांनी ओतलेलं डबर टिकत नाही. वाचवायचा असतो पायथा.

त्यासाठी काठापासून पात्रात दगडी स्पर, म्हणजे नदीत पुढे आलेले आखूड बांध, काढतात. स्पर प्रवाहाला काठापासून दूर ढकलतो, दोन स्परांमधलं पाणी संथ होतं आणि तिथे गाळ बसतो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 8408) स्परची लांबी पात्राच्या रुंदीच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावी आणि दोन स्परांत लांबीच्या दोन ते अडीच पट अंतर असावं. पात्र 150 मीटर रुंद असेल तर 30 मीटर ही कमाल मर्यादा. 25 मीटरचे स्पर घेतले तर ते 50 ते 60 मीटरवर येतात. एकटा स्पर घालू नये. त्याच्या मागे भोवरा तयार होतो आणि काठ तिथेच खचतो.

स्परची दिशा चुकली तर काम उलटतं. तो काठाला काटकोनात किंवा टोक 10 ते 30 अंश वरच्या अंगाला झुकवून बांधतात. बुडालेल्या स्परवरून पाणी त्याच्या माथ्याला काटकोनात उतरतं. टोक खालच्या अंगाला झुकलेलं असेल तर तेच पाणी थेट काठावर येतं.

दगडाच्या वजनाबाबत अंदाजानं चालू नये, कारण लागणारं वजन वेगाच्या सहाव्या घातानं वाढतं. आपला बेसॉल्ट (काळा दगड) आणि दोनास एक उतार (दोन मीटर आडवा, एक मीटर उभा) धरला, तर सेकंदाला 3 मीटर वेगाला साधारण 13 किलोचा दगड पुरतो. 4 मीटरला तोच 70 किलोच्या पुढे जातो. एवढे मोठे दगड मिळत नसतील तर गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या, वापरावेत. 2 बाय 1 बाय 1 मीटरच्या जाळीच्या पेटीत दगड भरले की ती चार टनांच्या आसपास भरते. दगड जाळीच्या छिद्रापेक्षा मोठेच हवेत, आणि बाहेरच्या बाजूचे हातानं रचावेत. जेसीबीनं ओतून भरलेली पेटी फुगते, आतले दगड हलत राहतात आणि तार घासून तुटते. पेट्यांखाली आणि काठाच्या बाजूला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरावं, नाहीतर दगडांच्या फटींतून माती धुपून जाते आणि स्पर खचतो.

सगळ्यात जास्त दगड टोकाला लागतो. पाणी तिथे वळसा घेतं आणि तळ खोल खणतं. म्हणून टोकाभोवती नदीतळावर दगडांचं जोतं पसरतात. त्याची रुंदी अपेक्षित खोदाईच्या दीडपट ठेवतात, म्हणजे तळ 3 मीटर खणला जाणार असेल तर साडेचार मीटर. तळ खचू लागला की हे दगड आपोआप घरंगळून उतारावर बसतात आणि खोदाई थांबवतात. खर्च वाचवायला नेमकं हेच जोतं गाळलं जातं, आणि मग टोकाकडून स्पर कोसळत येतो. दुसरं टोक काठात पाच-सात मीटर तरी आत रोवावं, नाहीतर पूर मागून वाट काढतो आणि स्पर पात्रात एकटा उरतो.

ढकललेलं पाणी कुठेतरी लागणारच. समुद्रकिनाऱ्यावरही असंच होतं: दगडी बांधाच्या एका बाजूला वाळू साठते आणि पलीकडचा किनारा उपाशी राहून धुपतो. गोदावरीत समोरच्या किंवा खालच्या शेतकऱ्याचा काठ तुटू शकतो. म्हणून एका गटापुरतं न बघता सगळं वळण मोजून आराखडा करावा आणि काम सुरू करण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी. कारण हे बांधकाम निळ्या पूररेषेच्या (सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या) आत, पात्रातच असतं.

काम उन्हाळ्यात, पाणी कमी असताना उरकावं. पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की टोकाचं जोतं किती खचलं ते मोजून तेवढा दगड पुन्हा भरावा, तुटलेल्या तारा बांधाव्यात आणि दोन स्परांमधल्या ताज्या गाळात वाळा किंवा बांबू लावून घ्यावा.