खाणीच्या तळाशी वाणी

केनियातल्या मोंबासा शहराच्या उत्तरेला, समुद्राकाठी बांबुरी आहे. तिथे जमिनीखाली जुन्या प्रवाळांचा चुनखडक आहे. १९५४ साली सिमेंट कारखाना सुरू झाला आणि हा खडक वर्षानुवर्षं खणून निघाला. मागे उरले पांढरेफटक, तापणारे खड्डे. मातीचा कण नाही, आणि तळाखाली थोड्याच अंतरावर पाणी, तेही मचूळ.

१९७१ मध्ये कारखान्यातले स्विस कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांनी या खडकात २६ जातींची रोपं लावून पाहिली. तग धरला फक्त तिघांनी. त्यातलं एक कोकणच्या किनाऱ्यावर आपण रोज बघतो ते सुरूचं झाड. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. म्हणून ते नुसत्या खडकातही वाढतं.

झाडं उभी राहिली, पण जंगल काही होईना. सुरूच्या सुया गळत, साचत आणि तशाच पडून राहत. ही सुई एकदा हातात घेऊन बघा. ती पान नसून बारीक फांदी असते. पेरापेराशी ओढली की टचकन सुटते, आणि खरी पानं म्हणजे त्या पेरांवरचे इवलेसे दात. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, त्यामुळे जिवाणू तिला सहजी कुजवू शकत नाहीत. कुजणं नाही म्हणजे माती नाही.

ही कोंडी फोडली वाणीने! पावसाळ्यात आपल्या अंगणात फिरणारा, हात लावताच वेटोळं करून बसणारा, असंख्य पायांचा वाणी किडा. त्याचाच लाल पायांचा मोठा आफ्रिकन भाऊबंद. तिकडे त्याला ‘मोंबासा ट्रेन’ म्हणतात. हा सुया खातो असं हॅलर यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी शेकडो वाणी आणून खाणीत सोडले. वाणी सुयांचा भुगा करतो, आणि त्याच्या लेंड्यांवर जिवाणूंना काम करता येतं. या लेंड्यांतूनच काळी माती साठू लागली. मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

माती आली तसे झुडपं, कीटक, पक्षी आपल्या पायांनी आणि पंखांनी आले. जिराफ, इलँड नावाची मोठी आफ्रिकन हरणं, पाणघोडे मात्र माणसांनी आणले, हे स्पष्ट सांगायला हवं. २००४च्या त्सुनामीच्या वेळी कळपापासून तुटलेलं ओवेन हे पाणघोड्याचं पिल्लू इथेच आणलं गेलं. ते म्झे नावाच्या म्हाताऱ्या, अल्डाब्रा जातीच्या महाकाय कासवाला बिलगून झोपू लागलं, ती छायाचित्रं जगभर गेली.

आता या जागेला हॅलर पार्क म्हणतात. सुरूला ऊन लागतं, स्वतःच्याच दाट सावलीत त्याची रोपं नीट वाढत नाहीत. म्हणून म्हातारे सुरू पडतात किंवा काढले जातात तिथे स्थानिक झाडं वर येतात, आणि पडलेल्या खोडाखालच्या ओलाव्यात वाणी चरत असतो.