पार्श्वभूमी : १९११ पिस्तुलाचा बदली भाग कानशीशिवाय का बसत नाही

विकत आणलेले नवे बुशिंग (नळीचे पुढचे टोक धरून ठेवणारे कडे) १९११ पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात, शिरत नाही, तेव्हा भाग सदोष निघाला असे नवख्याला वाटते. बहुतेक वेळा भाग चांगला असतो. तो मुद्दामच किंचित मोठा केलेला असतो, आणि त्याचे मूळ अमेरिकी सैन्याच्या एका जुन्या अटीत आहे.

जॉन मोझेस ब्राउनिंगने रचलेले कोल्टचे हे .४५ पिस्तूल सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. सैन्याला हवे होते ते असे पिस्तूल, की एकाचा भाग दुसऱ्यात न घासता बसावा आणि छावणीतल्या शिपायालाही दुरुस्ती जमावी. दुसऱ्या महायुद्धात ही अट फार महत्त्वाची ठरली. कोल्ट आणि इथाका या बंदुका बनवणाऱ्या कंपन्या होत्याच. पण रेमिंग्टन रँड मूळची टाइपरायटरवाली, तर युनियन स्विच अँड सिग्नल रेल्वेचे सिग्नल बनवणारी. शिलाई यंत्रांच्या सिंगरनेही ५०० नग केले. या सगळ्यांचे भाग एकमेकांत चालायचे, तर प्रत्येक जोडात थोडी ढिलाई ठेवणे भाग होते. चिखल-वाळूत हीच ढिलाई पिस्तूल चालू ठेवते. नेमबाजाला मात्र तीच नडते: प्रत्येक गोळीनंतर नळी पुन्हा नेमक्या त्याच जागी बसत नाही आणि लक्ष्यावरचे छिद्रांचे वर्तुळ पसरते.

म्हणून नेमबाजीच्या पिस्तुलांवर काम करणाऱ्या कारागिरांनी ही ढिलाई हाताने काढायला सुरुवात केली. फ्रेमच्या, म्हणजे मुठीसह खालच्या सांगाड्याच्या, पट्ट्या ठोकून खाली आणायच्या, स्लाइडच्या कडा दाबायच्या, मग घासणारी पेस्ट लावून दोन्ही एकमेकांवर सरकवत घासायचे. सैन्यानेही नॅशनल मॅच स्पर्धांसाठी अशी निवडक पिस्तुले तयार करून घेतली, आणि १९५७ मध्ये कोल्टने गोल्ड कप हे नेमबाजीचे पिस्तूल बाजारात आणले. १९७६ मध्ये मिझुरीतील कोलंबिया इथे आयपीएससी या प्रात्यक्षिक नेमबाजीच्या संघटनेची स्थापना झाल्यावर या (हालचाल करत, वेळेशी स्पर्धा करत खेळायच्या) नेमबाजीचा पसारा वाढला. पुढच्याच वर्षी अर्कान्सॉमध्ये विल्सन कॉम्बॅट ही १९११ चे भाग बनवणारी कंपनी सुरू झाली. कारागीर जे एकेका पिस्तुलावर करत होते, ते आता सुट्या भागांच्या रूपात मिळू लागले. फरक एवढाच, की घट्ट बसवायचा भाग आधी मोठा असावा लागतो. घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.

कोल्टने १९७० मध्ये यातून सुटका शोधली होती. सीरिज ७० च्या बुशिंगला बोटांसारख्या स्प्रिंगदार पट्ट्या होत्या. त्या नळीला धरून ठेवत, फिटिंगची गरज उरत नसे. पण ही बोटे कधीकधी तुटत आणि पिस्तूल अडकून पडे. त्यामुळे जाणकार ते काढून घन बुशिंग बसवत, अर्थात घासूनच.

सर्वांत जास्त चुका लिंकच्या बाबतीत होतात. नळीच्या खाली असलेली ही छोटी कडी मूळ मापात ०.२७८ इंचाची असते. ढिली नळी घट्ट करायला लांब लिंक टाकणे हा स्वस्त उपाय जुना आहे आणि वाईट आहे. नळीचा भार खालच्या लग्जऐवजी (नळीवरच्या उंचवट्यांऐवजी) लिंकवर येतो. शिवाय स्लाइड मागे जाताना नळी पुरेशी खाली उतरत नाही, वरचे लग्ज स्लाइडच्या खाचांवर आपटून गोल होतात. खरा उपाय म्हणजे मोठ्या लग्जची नळी आणून ती घासून बसवणे.

अंगठ्याच्या सेफ्टीला आत एक उंचवटा असतो, तो सिअरला (चढवलेला घोडा धरून ठेवणाऱ्या तुकड्याला) अडवतो. सेफ्टी वर जात नाही म्हणून तिथे कानस लावताना दर वेळी थोडे घासल्यावर एकदा तपासलेच पाहिजे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घोडा चढवा, सेफ्टी लावा, चाप जोरात दाबून सोडा. आता सेफ्टी काढून कान जवळ न्या आणि घोडा बोटाने किंचित मागे ओढा. बारीक ‘टिक’ ऐकू आली तर सिअर हलला होता, म्हणजे धातू जास्त गेला. ती सेफ्टी बाद, नवी घ्या. घोड्याच्या आकड्यांना आणि सिअरच्या टोकाला तर योग्य जिगशिवाय (कोन नेमका धरणाऱ्या पकडीशिवाय) घासायचा दगड लावूच नये. कोन बिघडला की स्लाइड पुढे येताना घोडाही मागोमाग पडतो.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे उडालेल्या काडतुसाचे आवरण बाहेर ओढणारा आकडा, हाच स्वतःची स्प्रिंग असतो, म्हणून त्याला हलका बाक देऊन ताण ठरवावा लागतो. ताण कमी पडला तर रिकामे आवरण अडकते, जास्त झाला तर नवे काडतूस आकड्याखाली सरकत नाही. १९८३ पासूनच्या सीरिज ८० मध्ये फायरिंग पिनला (काडतुसावर आदळणाऱ्या पिनला) अडवणारा प्लंजर, म्हणजे छोटा दट्ट्या, आला. त्यासाठी पिनला आणि एक्स्ट्रॅक्टरला वेगळी खाच असते. भाग मागवताना हे विसरले की तो बसतच नाही. स्प्रिंगा मात्र थेट बसतात: .४५ च्या पाच इंची पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग साधारण १६ पौंडांची, घोड्याची २३ पौंडांची.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचे कामही परवानाधारकानेच करायचे असते, त्यामुळे हे सगळे घरच्या टेबलावर करण्याचा प्रश्नच येत नाही.

१९८० च्या दशकात आलेल्या ग्लॉक पिस्तुलाने बदली भागांचा बाजारच पालटला. तिथे बहुतेक भाग पिन काढून, नवा घालून, पिन परत ठोकली की बसतात. तरीही ग्लॉकसाठीसुद्धा स्पर्धेच्या दर्जाच्या काही नळ्या हूड (नळीच्या मागच्या टोकाची जीभ) आणि लग मोठे ठेवूनच विकल्या जातात, कानस लावून बसवण्यासाठी.