शिडाच्या बोटीचं कव्हर : तयार घ्यायचं की मापाने शिवायचं?

आम्ही बोटींची कव्हरं शिवतो. आमच्याकडे कव्हरची चौकशी बहुधा बोटीच्या लांबीपासून सुरू होते. खरं तर लांबीवरून फार थोडं ठरतं. आधी तीन गोष्टी सांगा. डोलकाठी उभी राहणार की उतरवून ठेवणार? बोट पाण्यात मूरिंगला (नांगरलेल्या बोयाला बांधलेली) असेल की जमिनीवर, ट्रॉलीवर किंवा क्रेडलवर (बोट उभी ठेवायच्या चौकटीवर)? आणि कव्हर ऑक्टोबर ते मेच्या उन्हासाठी हवं की जून ते सप्टेंबरच्या पावसासाठी? एवढं कळलं की तयार कव्हर पुरेल की मापाचं लागेल, हे जवळपास ठरून जातं.

तयार कव्हर कुठे पुरतं

ऑप्टिमिस्ट, लेझर म्हणजे आताची इल्का, ४२० अशा क्लासच्या बोटींना मापाचं कव्हर शिवू नका. या बोटींचे आकार क्लासच्या नियमांनी बांधलेले असतात. ऑप्टिमिस्ट सुमारे २.३६ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद, इल्का सुमारे ४.२ मीटर लांब. मुंबईतली असो वा खडकवासल्याची, माप तेच. अशा बोटीसाठी बेतलेलं तयार कव्हर नीट बसतं आणि मापाच्या कव्हरपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

मात्र विकत घेताना क्लासचं नाव सांगून थांबू नका. डोलकाठी उभी असतानाचं आणि उतरवलेली असतानाचं कव्हर वेगळं असतं. वरून टाकायचं डेक-कव्हर वेगळं आणि ट्रेलरवरून रस्त्याने न्यायचं खालचं कव्हर वेगळं. खालच्या कव्हरला आतून मऊ अस्तर हवंच. शिवाय ते घालण्याआधी बोटीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या. अस्तरात अडकलेली चौपाटीची वाळू प्रवासभर जेलकोट (बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर) घासत राहते आणि ते ओरखडे नुसत्या पॉलिशने जात नाहीत.

'१४ ते १६ फूट, कुठल्याही बोटीला' असं लिहिलेलं कव्हर शिडाच्या बोटीसाठी टाळा. ती बहुतेक मोटरबोटींच्या आकारावर बेतलेली असतात. डोलकाठी, तिच्या आधाराच्या तारा, टिलर (सुकाणूचा दांडा) यांचा त्यात विचारच नसतो. मग कापडाला भोक पाडून तार बाहेर काढली जाते आणि पुढच्याच वाऱ्यात कापड तिथून फाटत जातं.

मापाचं कव्हर कुठे लागतं

डोलकाठी उभी असलेली, कठडे आणि विंच (दोर ताणायचा रहाट) असलेली कील-बोट (तळाला जड पंख असलेली बोट) असेल तर मापाचंच घ्या. जे-२४ सारखी ७.३ मीटरची बोट कागदावर क्लासचीच असते, पण बसवलेल्या वस्तू आणि त्यांच्या जागा प्रत्येक मालकाने आपापल्या सोयीने बदललेल्या असतात. जुनी लाकडी बोट, घरी बांधलेली बोट, कॉकपिटवर (बसायच्या जागेवर) सावली हवी असलेली बोट, या सगळ्यांचंही तेच.

ढिलं कव्हर तीन प्रकारे नुकसान करतं. एक, झोळात पाणी साठतं. एक चौरस मीटरच्या झोळात सरासरी १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि जुलैत तेवढा पाऊस एका दिवसात पडू शकतो. वजनाने झोळ वाढतो, झोळ वाढला की पाणी वाढतं आणि शेवटी आयलेट (दोरी ओवायच्या भोकांच्या कड्या) कापडातून उपटून येतात. दोन, वाऱ्यात फडफडून कापड क्लीटच्या (दोर अडकवायच्या खुंटीच्या) किंवा कठड्याच्या कोपऱ्यावर घासतं आणि तिथेच झिजतं. तीन, मीठ आणि धूळ धरलेलं कापड सारखं हलत राहिलं की डेकचा रंग उतरतो.

मेनसेलच्या कव्हरचं माप

हे माप तुम्ही स्वतः घेऊन पाठवू शकता. मेनसेल (मुख्य शीड) नेहमी घालता तशीच घडी घालून बूमवर (शिडाच्या खालच्या काठाच्या आडव्या दांड्यावर) बांधा. खास नीट घडी घालू नका, कारण रोज कव्हर त्या नेहमीच्या घडीवरच चढणार आहे. डोलकाठीच्या पुढच्या बाजूपासून शिडाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर तीन ठिकाणी मोजा : डोलकाठीजवळ, मध्यावर आणि मागच्या टोकाला. डोलकाठीजवळचा ढीग बूमच्या वर किती चढतो ते मोजा आणि त्या उंचीवर डोलकाठीसकट घेर घ्या. बहुतेक मापं इथेच चुकतात आणि मग गळ्याशी चेन लागत नाही. शेवटी टॉपिंग लिफ्ट (बूम वर धरणारी दोरी), लेझी जॅक (उतरतं शीड सावरणाऱ्या दोऱ्या), मेनशीटचा ब्लॉक (मुख्य शिडाच्या दोराची कप्पी), डोलकाठीवरची विंच आणि क्लीट यांची जागा डोलकाठीपासूनच्या अंतरासह लिहा आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडा.

कव्हर बूमखाली पूर्ण बंद होऊ नये. खालून ५ ते ७ सेंटिमीटरची फट ठेवून हूक आणि लवचीक दोरीने बांधायचं, म्हणजे पाणी गळून जातं आणि हवा खेळते. पूर्ण बंद कव्हरात ओलं शीड ठेवलं तर आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके दिसतात.

जिब (पुढचं शीड) गुंडाळून ठेवत असाल तर वेगळ्या कव्हरऐवजी शिडाच्या मागच्या आणि खालच्या काठाला ऊन-पट्टी शिवून घेता येते. शीड कोणत्या दिशेने गुंडाळलं जातं ते आधी कळवा. चुकीच्या बाजूला शिवलेली पट्टी आत जाते आणि शीड बाहेर उन्हात राहतं.

कापड, आणि त्याहून महत्त्वाचा दोरा

उन्हासाठी सुताच्या आतपर्यंत रंगवलेलं अॅक्रिलिक कापड, म्हणजे सनब्रेला प्रकारचं, साधारण ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं. ते पाणी झटकतं आणि श्वास घेतं, पण पूर्ण जलरोधक नसतं. त्यावर पाणी साठलं तर झिरपणारच. पावसाळ्यात जमिनीवर चार महिने उभ्या राहणाऱ्या बोटीसाठी पीव्हीसीचा थर दिलेलं ५०० ते ६५० ग्रॅमचं पॉलिएस्टर घ्या. त्यातून पाणी येत नाही, पण आतली वाफही बाहेर जात नाही. म्हणून पुढे आणि मागे, उंचावर, जाळी लावलेले झरोके हवेतच. सुती कॅनव्हास किनाऱ्यावर कुजतं. निळी ताडपत्री एका पावसापुरती ठीक.

आमच्या मते पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, दोऱ्यात नको. कव्हर आधी शिवणीतच उसवतं, कारण कापडाच्या कितीतरी आधी ऊन दोरा खाऊन टाकतं. सुती आणि नायलॉन दोरा चालणार नाही. कमीत कमी बाहेरच्या वापराचा जाड बाँडेड पॉलिएस्टर हवा. बोट वर्षभर उघड्यावर असेल तर पीटीएफई (टेफ्लॉनचा) दोरा मागा. तो महाग आहे, पण उन्हाने कमकुवत होत नाही. टाके साधारण ४ मिलिमीटरचे असावेत. फार बारीक टाके कापडाला भोकांची रांग पाडतात आणि ते तिथूनच फाटतं. उतरत्या भागावर जोड असेल तर वरचं कापड खालच्यावर कौलांसारखं आलं पाहिजे. उलट झालं की पाणी जोडात शिरतं.

तयार कव्हर दुकानातच उलटून पाहा. चेनचे दात धातूचे असतील तर खाऱ्या हवेत ती अडकणार. जाड प्लास्टिकच्या दातांची घ्या. आयलेट पितळी किंवा स्टीलचे, आणि त्यामागे कापडाचं दुसरं ठिगळ हवं. डोलकाठीच्या तारा जिथून जातात तिथे जाड पट्टी नसेल तर ते कव्हर आमच्याकडे आणा. ठिगळं, झरोके आणि दोन-तीन जादा पट्टे लावून चांगलं तयार कव्हर बरंच सुधारता येतं. अंगाला लहान पडणारं कव्हर मात्र सुधारत नाही.

पावसाळी कव्हर बांधताना

मध्यभागी बूम किंवा अॅल्युमिनियमचा पाइप आडवा उंच ठेवा आणि कापड दोन्हीकडे ताणून उतरतं ठेवा. पाइपची टोकं जाड कापडात गुंडाळा. पट्टे बोटीच्या पोटाखालून फिरवून पलीकडच्या पट्ट्याला बांधा. क्रेडलच्या सुट्या टेकूंना कव्हर कधीही बांधू नका. वाऱ्यात फडफडणारं कव्हर टेकू हलवून सरकवतं आणि बोट कलंडते. पहिल्या मोठ्या पावसानंतर पट्टे पुन्हा ताणा. पट्टे नायलॉनचे असतील तर ते ओले झाल्यावर सैल पडतात, म्हणून आम्ही पॉलिएस्टरचे लावतो.

धुणं आणि डागडुजी

अॅक्रिलिक कव्हर कोमट पाण्यात सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुवा आणि ताणून वाळवा. ड्रायर किंवा इस्त्री लावू नका, कापड आकसतं. बुरशी असेल तर ४ लिटर पाण्यात १ कप ब्लीच आणि पाव कप साबण घालून १५ मिनिटं भिजवा, मग साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवा. हा उपाय पीव्हीसीला करू नका. धुतल्यावर पाण्याचे थेंब घरंगळून जात नसतील तर पाणी झटकणारा फवारा पुन्हा मारावा लागतो.

दर ऑक्टोबरला वरच्या बाजूच्या शिवणीवरून नख जोरात ओढून पाहा. दोरा तुटला की कापड चांगलं असतानाच आणून द्या. नुसती पुन्हा शिलाई करून भागतं. पावसाळी कव्हर मापाने हवं असेल तर एप्रिलमध्ये कळवा, कारण साचा काढायला आम्ही बोटीवरच येतो, आणि त्या दिवशी बोट जमिनीवर, पावसाळ्यात जशी ठेवणार तशीच उभी असावी लागते.